एका फ्रेंच खेड्याची गुणपत्रिका

ज्या चित्रपटाचे गोडवे मी एकोणीस वर्षं गात आलो, तो नापास झाला. शंभरपैकी चौतीस. उत्तीर्ण व्हायला चाळीस लागतात. आणि त्याला नापास करणारा परीक्षक दुसरातिसरा कुणी नसून मीच होतो. हे पहिल्याच ओळींत सांगून टाकतो, कारण आख्यान लावणाऱ्याने स्वतःची फजिती आधी मोकळी करावी, म्हणजे पुढे इतरांची सांगताना जीभ अडखळत नाही.

आमचं चित्रपट रसिक मंडळ दर गुरुवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरतं. खोली लांबट. एका टोकाला पडदा, दुसऱ्या टोकाला चहाचा ओटा, मध्ये चोवीस खुर्च्या. त्यांतल्या सहांवर बसण्यापूर्वी हात ठेवून पाहावं लागतं. मी मंडळाचा चिटणीस. पाणीपुरवठा खात्यात आवक-जावक कारकून म्हणून जन्म काढला, सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि तेव्हापासून आठवड्याचे सहा दिवस मी गुरुवारची वाट पाहतो. घरात अर्थातच मी असं म्हणत नाही. घरात मी म्हणतो, "छे, या मंडळाचा वैताग आलाय." त्यावर आमची ही म्हणते, "मग सोडा." त्यावर मी गुरुवारचा शर्ट इस्त्रीला काढतो.

मंडळाच्या वर्धापनदिनाला आम्ही दरवर्षी एकच चित्रपट दाखवतो. जुना, काळापांढरा, फ्रेंच, खेड्यातला. मंडळाने दाखवलेला पहिलावहिला चित्रपट तोच, आणि मंडळाच्या मालकीची एकमेव तबकडीही तीच. गोष्ट साधी आहे. दोन भाऊ, दोन शेतं, मध्ये दगडांची रांग. दर वसंतात ती रांग कधी थोरल्याच्या, कधी धाकट्याच्या शेतात हातभर सरकलेली दिसते. थोरला म्हणतो धाकट्याने सरकवली, धाकटा म्हणतो थोरल्याने. तीस वर्षं भांडण चालतं. एक बैल मरतो, एक खळं जळतं, एक लग्न मोडतं. माणसाच्या लोभाचं असं निरूपण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. दरवर्षी त्यावर बोलताना माझा कंठ दाटून येतो, आणि तो बरोब्बर कुठे दाटायचा हे आता कंठालाही ठाऊक झालं आहे.

यंदा वर्धापनदिनाच्या महिनाभर आधी वाचनालयातून लखोटा आला. यापुढे सार्वजनिक खोलीत दाखवायच्या प्रत्येक चित्रपटाचं 'विविधता व प्रतिनिधित्व मूल्यमापन' करावं, सोबतचं चव्वेचाळीस प्रश्नांचं प्रपत्र भरावं, चाळीसपेक्षा कमी गुण पडल्यास परवानगी मिळणार नाही. ज्या मंडळाचा वार्षिक कार्यक्रम होणार नाही, त्याची खोली काढून घेण्यात येईल आणि तिथे मोडक्या खुर्च्या ठेवण्यात येतील.

ते शेवटचं वाक्य मला फार लागलं. मोडक्या खुर्च्या आजही तिथेच आहेत, पण निदान त्यांच्यावर आम्ही बसतो.

आमचे अध्यक्ष व्यवसायाने दंतवैद्य. कुठलीही वाईट बातमी ते "काही दुखणार नाही" या स्वरात सांगतात. ते म्हणाले, "चिटणीस, चाळीस गुण काय, भरून टाका आणि द्या. कोण बघतंय?"

"देव बघतो," मी म्हणालो.

"देवाला एवढी प्रपत्रं वाचायला वेळ असता तर..." असं म्हणून ते थांबले, कारण मी त्यांच्याकडे पाहिलं होतं. खोटं मी लिहीत नाही. शिवाय छापील प्रपत्र दिसलं की माझी पाठ आपोआप ताठ होते. छत्तीस वर्षं आवक-जावक पाहिलेला माणूस आहे मी. रकाना म्हटला की तो भरायचा, आणि खरा भरायचा.

वाचनालयाच्या कार्यालयात या प्रपत्रांचा एक वेगळा विभाग आहे आणि त्यात एक मॅडम बसतात. वयाने माझ्या लेकीएवढ्या, बोलायला गोड, आणि मला 'काका' म्हणणाऱ्या. मी लेटरहेड पुढे केलं, त्यावर 'चिटणीस' हा शब्द ठळक छापलेला होता, तरी काकाच.

"काका, तुमच्या मूल्यमापन समितीत कोण कोण आहे?"

मी अभिमानाने सांगितलं, "मी, अध्यक्ष आणि आमचे कॅशिअर." कॅशिअर म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. अजूनही कुठलीही गोष्ट दोनदा मोजल्याशिवाय ते हातातून सोडत नाहीत, अगदी जिन्याच्या पायऱ्यासुद्धा.

"तिघेही पुरुष?"

"जन्मापासून."

"मग समितीच अपात्र ठरेल, काका. स्त्रियांचं प्रतिनिधित्व कोण तपासणार?"

घरी येऊन मी हिला सांगितलं, "तुला समितीत घेतलंय." ती गॅसपाशी होती. "कशाच्या?" म्हणाली. "विविधतेच्या," मी म्हणालो आणि कागद पुढे केला. तिने ओल्या हाताने सही केली. दुसरी सदस्या म्हणून वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना घेतलं. त्यांनी तीस वर्षं वॉर्ड सांभाळलाय. त्या सहा महिन्यांच्या बाळाशी आणि साठ वर्षांच्या पुढाऱ्याशी एकाच आवाजात बोलतात. "येईन," म्हणाल्या, "पण मधेच कुणी घोरलं तर उठवणार."

पुढच्या गुरुवारी समिती बसली. मोजणीला वेळ लागणार म्हणून नेहमीच्या सहाऐवजी पावणेसहालाच तबकडी लावली. मी प्रश्न वाटून दिले होते. कॅशिअरांकडे माणसं मोजणं आणि घड्याळ, नर्सबाईंकडे वय व अपंगत्व, अध्यक्षांकडे 'वास्तवाशी सुसंगती', माझ्याकडे बाकी सगळं. ही चहाच्या ओट्यापाशी होती. तिच्या पानावर मी आधीच 'निरंक' लिहून ठेवलं होतं.

पहिल्या पाच मिनिटांतच सुरुवात झाली.

"एकसष्ट," कॅशिअर म्हणाले.

"काय एकसष्ट?"

"बाजारात माणसं. नाही, थांबा. तो टोपीवाला दोनदा गेला. आधी काळी टोपी, मग पांढरी. साठ. चिटणीस, मागे घ्या, पुन्हा मोजतो."

"अहो, बाजार किती वेळा भरवणार?"

"एक माणूस दोनदा धरला तर पुढचे सगळे आकडे खोटे पडतील. जबाबदारी कोण घेणार?"

बाजार तीनदा भरवला. तिसऱ्यांदा बासष्ट आले. मी घड्याळ तेवढ्यापुरतं थांबवायला लावलं, नाहीतर फ्रान्स आठपर्यंत बाजारातच राहिला असता.

पुढचा प्रश्न वयाचा. साठीपुढची माणसं किती? मी म्हणालो, ते आजोबा आहेत ना, पांढऱ्या दाढीचे. नर्सबाई पुढे सरकून म्हणाल्या, "हे आजोबा? कुठून? गुडघे बघा त्यांचे. चाळिशीतला माणूस आहे, दाढी चिकटवलीय. साठीचा माणूस असा बाकावरून उठत नाही. आधी मनात उठतो, मग हात टेकतो, मग देवाचं नाव घेतो, मग उठतो." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नेमका तेव्हा पाणी प्यायला उठत होतो.

अपंगत्वावर तर खडाजंगी झाली. थोरला भाऊ लंगडतो. पहिल्या अर्ध्या भागात डाव्या पायाने, दुसऱ्या भागात उजव्या. नर्सबाई म्हणाल्या, शून्य गुण, हे सोंग आहे. कॅशिअर म्हणाले, दोन्ही पाय मिळून एक पूर्ण अपंगत्व होतं, पूर्ण गुण द्या. शेवटी निम्मे दिले. धाकटा भाऊ जवळजवळ बोलतच नाही, तो मुका धरावा का, असं मी विचारलं. नर्सबाई म्हणाल्या, "न बोलणं हे अपंगत्व असेल तर आमच्या ह्यांचा दाखला मी उद्याच काढते."

अल्पसंख्याकांचा रकाना मला स्वतःला भरायचा होता. त्या गावात सगळे एकाच देवळात जातात, एकाच विहिरीचं पाणी पितात, आणि नाकंही सगळ्यांची एकसारखी. फक्त एक फेरीवाला शेजारच्या गावाहून येतो, आणि त्याच्यावर कुत्रं भुंकतं. मी त्याला परका धरून दोन गुण दिले. कुत्र्याच्या साक्षीवर.

अध्यक्ष एकदम उभे राहिले. "हे चालणार नाही!"

"काय झालं?"

"दात बघा त्या गुराख्याचे! बत्तीसच्या बत्तीस! सरळ! शंभर वर्षांपूर्वीच्या खेड्यात? ही गरिबांची शुद्ध दिशाभूल आहे. चिटणीस, लिहा, 'दंतस्थितीचे चित्रण अवास्तव'. मला याला शून्य द्यायचंय."

"दातांचा प्रश्नच नाही प्रपत्रात."

"म्हणूनच तर या देशाचे दात असे आहेत," असं म्हणून ते बसले. ती खुर्ची सहांपैकी होती. त्यांना उठवण्यात तीन मिनिटं गेली. तेवढंच घड्याळ पुन्हा थांबवावं लागलं.

स्त्रियांचं बोलणं कॅशिअरांनी सेकंदांत मोजलं. एकूण नऊ मिनिटं. त्यांतली चार कोंबड्यांना हाका मारण्यात गेलेली. कोंबड्यांना हाक म्हणजे संवाद का, यावर मतदान झालं. कोंबड्या उत्तर देतात या मुद्द्यावर तो संवाद ठरला. बैल मात्र अडतीस मिनिटं पडद्यावर होता. मी दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि माझं मलाच कसंतरी वाटलं. थोरल्या भावाची सून आहे बघा त्यात. पहिल्या दृश्यात नवी नवरी म्हणून येते, आणि मग पाणी भर, दूध काढ, ताटं उचल असं करता करता तिचे केस पांढरे होतात. तोंडातून शब्द नाही. तिला नावसुद्धा नाही. सगळे 'ए, सूनबाई' म्हणतात. प्रश्न सव्विसावा दहा गुणांचा होता: 'एखादी स्त्री आपल्या मनाने, कुणी न सांगता, सलग तीन मिनिटे बोलते काय?' मी शून्य लिहिलं. ठळक.

सात बावन्नला मी उठलो, दिवे लावले आणि आभार मानले. वाचनालय आठला बंद होतं, तेव्हा आठच्या आत आभार, आणि मग व्हरांड्यात चहा, ही मंडळाची पहिल्या वर्षापासूनची प्रथा. त्या दिवशी श्रोते म्हणून समितीचेच आम्ही पाच, तरी मी समितीचे समितीतर्फे आभार मानले. व्हरांड्यात बेरीज केली. चौतीस.

कॅशिअरांनी पुन्हा बेरीज केली. चौतीस.

"चौतीसचे चव्वेचाळीस करायला एक रेघ लागते," अध्यक्ष म्हणाले. "काही दुखणार नाही."

मी रात्रभर तळमळलो नाही, खोटं कशाला सांगू, मला झोप लागते. पण सकाळी देवापुढे उभा राहिलो तेव्हा हात जोडलेले आणि डोक्यात मोडक्या खुर्च्या, अशी माझी अवस्था. मागितलं काहीच नाही. एवढंच म्हणालो, "बाबा, मी खरं लिहिलंय, आता तू बघ." आणि चौतीस गुणांचं प्रपत्र दाखल करून आलो.

तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. "काका, जरा येता का? तुमच्या प्रपत्रात त्रुटी आहे."

गेलो. त्यांनी तबकडीच्या वेष्टनावर बोट ठेवलं. "यावर लिहिलंय, एकशे सव्वीस मिनिटं. तुमचं घड्याळ थांबवलेला वेळ वजा करून सुद्धा तुम्ही एकूण एकशे बारा लिहिलेत. चौदा मिनिटांचं काय झालं?"

आयुष्यात प्रथमच आवक आणि जावक जुळत नव्हती.

"गुरुवारपर्यंत खुलासा द्या," त्या म्हणाल्या. "नाहीतर मला नापास असा शेरा मारून फाइल बंद करावी लागेल. आणि सोबत एक प्रतिज्ञापत्र लागेल, की मूल्यमापन करणाऱ्याने चित्रपट आरंभापासून शेवटपर्यंत पाहिला आहे."

"मी एकोणीस वेळा पाहिलाय," मी म्हणालो. आवाजात थोडा काठिन्याचा पदर आणला.

"मग सोपंय की, काका."

मंडळाची तातडीची बैठक आमच्या घरी झाली. कॅशिअरांचा संशय वेष्टनावर. "छापणारे लोक वाढवून लिहितात. पाच टक्के, दहा टक्के. बिस्किटाच्या पुड्यावर वजन लिहितात ना, तसं." नर्सबाईंना संशय कॅशिअरांच्या घड्याळावर होता. "नाडी मोजायला दिलं होतं मला एकदा ते घड्याळ. माणूस मेलेला निघाला असता." अध्यक्ष म्हणाले, थंड देशातली तबकडी उष्ण हवेत जलद फिरत असावी. यावर सगळे थोडा वेळ विचारात पडले, कारण ते शास्त्रीय वाटत होतं.

ही बशा घेऊन आली, बशा ठेवल्या, आणि जाता जाता म्हणाली, "पण ती बोलते ती चौदा मिनिटं धरलीत ना?"

"कोण बोलते?"

"सून."

मी हसलो. नवऱ्याने बायकोकडे पाहून हसावं तसं, जरा मायेने. "अगं, ती मुकी नसली तरी बोलत नाही. मी सव्विसाव्या प्रश्नाला शून्य दिलंय."

"बोलते हो. शेवटी. सगळे टेबलाभोवती बसतात, तो कागदपत्रवाला वकील येतो, आणि मग ती हात पुसत पुसत बोलायला लागते. थांबतच नाही."

मला वाटलं हिची काहीतरी गल्लत होतेय. मी अगदी हळुवारपणे सांगितलं, "शेवटी दोघं भाऊ शेताच्या मधोमध गळ्यात गळा घालतात. व्हायोलिन वाजतं. एकोणीस वर्षं मी हे सांगत आलोय."

"हो, सांगता," ती म्हणाली. "मी ऐकते ना तुमचं मागे उभी राहून. तुम्ही आभार मानत असता, मागे चित्रपट चालू असतो. मग तुम्ही सगळे व्हरांड्यात जाता. मी किटली बाहेर देऊन आत येते खुर्च्या रचायला. मशीन चालूच असतं. बंद करायचं जिवावर येतं, मग रचता रचता बघते."

"आणि भाऊ? गळाभेट?"

"गळाभेट नाहीच होत कुठे."

आता इथे मला एक कबुली द्यायची आहे, आणि ती माझ्यासाठी सोपी नाही. मी तो शेवट कधीच पाहिलेला नव्हता. गळाभेट मी पहिल्या वर्षी आभार मानताना, दोन भाऊ म्हटल्यावर होणारच, अशा सद्भावनेने बोलून गेलो. दुसऱ्या वर्षी व्हायोलिन आलं. पाचव्या वर्षी मी त्यात मावळता सूर्य घातला. माझा हेतू शुद्ध होता. भावाभावांनी एक व्हावं एवढंच मला हवं होतं. मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते दरवर्षी म्हणायचे, "तो शेवट अंगावर येतो." ते आता बशीकडे बघत होते. कॅशिअरांनी एकदा वर्तमानपत्राला त्या मावळत्या सूर्यावर पत्रही लिहिलं होतं.

"तू कधी सांगितलं का नाहीस?" मी हिला विचारलं.

"मला वाटलं, तुम्हा लोकांना तसाच शेवट आवडत असेल," ती म्हणाली आणि रिकामी बशी उचलली.

"वहिनी," नर्सबाई म्हणाल्या, "मग सुरुवातीला काय होतं तेही ठाऊक असेल तुम्हाला?"

"छे हो. सुरुवातीला दूध तापवत असते. बैल मरतो तिथून पुढचं ठाऊक आहे."

सगळं आता उघड्यावर आलं होतं. सव्विसाव्या प्रश्नाचे दहा गुण चौतिसात मिळवले की चव्वेचाळीस. खोली वाचते. पण त्यासाठी मला कार्यालयात जाऊन सांगावं लागणार होतं की एकोणीस वर्षांच्या चिटणिसाने चित्रपटाचा शेवट आपल्या पाठीने झाकून ठेवला. अध्यक्ष म्हणाले, "सरळ प्रतिज्ञापत्र लिहा, शेवट आता कळलाय तर पाहिल्यासारखाच आहे." मला मोह झाला. खरंच झाला. अब्रू ही अशी वस्तू आहे की ती नसली तरी चालते, पण जाताना फार आवाज करते. मग मी हिला म्हणालो, "चप्पल घाल. तुलाही यायचंय."

मॅडमसमोर मी सगळं सांगितलं. गळाभेट, व्हायोलिन, सूर्यसुद्धा. त्या ऐकत होत्या. पलीकडच्या टेबलावरचा कारकून टाइप करायचा थांबला होता. शेवटी मी म्हणालो, "तेव्हा आम्हा दोघांचं मिळून एक प्रतिज्ञापत्र घ्यावं. मी आरंभापासून सात बावन्नपर्यंत पाहिलाय, आणि या त्यापुढे. मध्ये थोडं दोघांचंही आहे."

मॅडमनी ओठ घट्ट मिटले. त्या हसू दाबत होत्या की नियम आठवत होत्या, कळलं नाही. मग म्हणाल्या, "काका, एक माणूस अर्धा अर्धा चालत नाही. तुमच्यापैकी एकाने अख्खा बघायला हवा. येत्या गुरुवारी बघा. मी स्वतः येते, माझं घड्याळ घेऊन."

"पण वाचनालय आठला बंद होतं. सहा मिनिटं कमी पडतील."

"तुमच्या वॉचमनना विचारा."

वॉचमनला मी फार अजिजीने विचारलं. एकाच दिवसापुरतं, साडेआठपर्यंत, मंडळ उपकार विसरणार नाही, वगैरे. तो चकित होऊन माझ्याकडे बघत राहिला. "साहेब, कुलूप मी रोज साडेआठलाच लावतो. तुम्हीच आठच्या आत घाई करता. मला वाटलं, तुम्हाला घरी कुणी रागावत असेल."

गुरुवारी खोली भरली. बातमी पसरली होती. चोवीसच्या चोवीस खुर्च्यांवर माणसं, त्या सहांवरही, जीव मुठीत धरून. नर्सबाईंनी त्यांच्या अबोल यजमानांना आणलं होतं. मॅडम मागे, मांडीवर प्रपत्र, हातात घड्याळ. हिला मी पहिल्या रांगेत बसवलं. "चहाचं काय?" म्हणाली. मी म्हणालो, "असू दे." तिने पर्स दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, आगगाडीत बसल्यासारखी.

ती सुरुवात पहिल्यांदाच पाहत होती. नवी नवरी गाडीतून उतरते, पायात लाकडी बूट, एक बूट चिखलात रुतून बसतो आणि कुणी मदत करत नाही. "अगबाई," ही म्हणाली. "हे असं झालं होतं होय तिचं." मग ती खुर्चीच्या कडेला सरकून बघत राहिली. मला मात्र सात बावन्नला घाम फुटला. पाय आपोआप उचलला गेला. एकोणीस वर्षांची सवय ती. मी खुर्चीचा हात घट्ट पकडून बसलो. अध्यक्षांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, खाली दाबून.

आणि सून बोलली.

टेबलाभोवती पुरुष बसलेले, वकिलाने कागद पसरलेला, कोर्टात जायचं ठरलेलं. ती मागे भांडी विसळतेय. हात पुसते, पुढे येते आणि सांगते की दगड मी सरकवले. तीस वर्षं. एक वर्ष या अंगाला कांदे, पुढल्या वर्षी त्या अंगाला वाटाणे, कारण जमिनीला विसावा लागतो, आणि तुम्ही दोघांनी मला परसात हातभरसुद्धा जागा ठेवली नव्हती. दर वसंतात हातभर. त्याच कांद्याचं सूप तुम्ही दोघं तीस वर्षं जेवलात, आणि जेवता जेवता एकमेकांना चोर म्हणालात. रांगेच्या या बाजूला कांदे का आहेत, हे एकालाही दिसलं नाही. मग ती सगळंच सांगत सुटते. बूट, चिखल, मोडलेलं लग्न, बैल, तिचं स्वतःचं नाव. हो, तिला नाव होतं. ती ते सांगते आणि टेबलाशी बसलेला सासरा ते पुन्हा विचारतो, कारण त्याला ते ठाऊकच नसतं.

व्हायोलिन नव्हतं. सूर्यही नव्हता. मागून कुणीतरी मोठ्याने हसलं, मग आणखी दोघी-तिघी हसल्या, आणि हसता हसता नाक ओढल्याचा आवाज आला. अध्यक्ष माझ्या कानाशी म्हणाले, "चिटणीस, हे दुखलं." माझ्या कंठाचं तर विचारू नका. त्या जागी तो कधीच दाटला नव्हता, त्यामुळे काय करावं ते त्याला कळेना.

मॅडमनी घड्याळ थांबवलं. "तेरा मिनिटं, चाळीस सेकंद. सव्विसावा प्रश्न, दहा गुण. एकूण चव्वेचाळीस." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उत्तीर्ण, चिटणीस साहेब." खोली आमची राहिली. लोक टाळ्या वाजवत होते. मला बोलायचं होतं. खूप बोलायचं होतं. आभाराचं भाषण तयारच होतं, फक्त सूर्य काढायचा होता.

"एक राहिलंय," मॅडम म्हणाल्या. "चव्वेचाळिसावा प्रश्न. शेरा. अख्खा चित्रपट बघितलेल्या सदस्याने स्वतःच्या हाताने लिहायचाय. तुमच्यापैकी कोण लिहितंय?"

मी पेन काढलं. टोपण उघडलं. आणि मग ते हिच्या हातात दिलं.

ती म्हणाली, "मी? काय लिहू?"

"तुला वाटेल ते."

तिने प्रपत्र गुडघ्यावर घेतलं, थोडा वेळ कोऱ्या जागेकडे बघत राहिली, आणि मग लिहायला लागली. आधी सावकाश, मग भराभर. सगळे उभे होते. कॅशिअर ओळी मोजत होते, दोनदा. अध्यक्षांनी हळूच विचारलं, "चहा?" आणि ते आपणच ओट्याकडे जाऊन दुधाचं भांडं शोधू लागले. मी तिच्या खांद्यावरून वाचायला वाकलो, तर तिने हाताचा आडोसा केला, शाळेतल्या मुली करतात तसा.

साडेआठला वॉचमन दारात आला. किल्ल्यांचा जुडगा वाजवून म्हणाला, "चला साहेब, झालं का?"

"थांबा," मी म्हणालो. "सदस्या लिहितायत."

तो दाराला टेकून उभा राहिला. शेऱ्याची जागा संपली होती. तिने कागद उलटला आणि मागच्या बाजूला लिहायला सुरुवात केली.